डास, पोलाद आणि शेअरबाजार



मागच्या पालक सभेनंतर एका पालकांनी मला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी; आता चांगल्या नोकरीत आहे. ते म्हणाले, "सर, तो दिवसभर मोबाईलवर ऑप्शनची खरेदी-विक्री करतो. विचारलं तर म्हणतो, बाबा, हा जुगार नाही, यात गणित आहे. तुम्ही गणित-विज्ञान शिकवता. खरंच आहे का हो त्यात गणित?"

मी म्हटले, "आहे. चांगले शंभर वर्षांहून जुने गणित आहे. पण ते गणित काय सांगते, हे त्याला कुणी सांगितलेले दिसत नाही."

त्या दिवशी उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो. गंमत अशी की या गणिताची एक मुळी आपल्या नल्लकुंट्याच्या दारातूनच जाते. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

कोरंटी दवाखान्याची पाटी

नल्लकुंट्यात राहणाऱ्याला 'कोरंटी दवाखाना' सांगावा लागत नाही. 'क्वारंटाइन' या शब्दाचे लोकांनी केलेले हे सुटसुटीत रूप. सरकारी नाव मात्र भारदस्त आहे : सर रोनाल्ड रॉस उष्णकटिबंधीय व संसर्गजन्य रोग संस्था. ताप आला की आपण तिथे जातो, पण पाटीवरचे नाव कोणाचे आहे याचा विचार फारसा करत नाही.

रोनाल्ड रॉस हे सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. जन्म १८५७ सालचा, आपल्याच देशात, अल्मोड्याला. १८९७ साली ते सिकंदराबादेत होते. हिवतापाचे जंतू डासातून माणसात जातात का, हा प्रश्न त्यांना छळत होता. हुसेन खान नावाच्या एका हिवतापाच्या रुग्णाला त्यांनी डास चावू दिले, चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा दिला, आणि मग एकेक डास सूक्ष्मदर्शकाखाली चिरून पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. १९०२ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस आजही जगभर डास दिन म्हणून पाळतात.

एवढे पाठ्यपुस्तकात असते. पुढचे सहसा नसते.

डास मारायचे तर डबकी बुजवायला हवीत, असे रॉस यांचे म्हणणे. विरोधक म्हणत, गावातली डबकी बुजवून काय उपयोग? बाहेरचे डास उडत येतीलच. लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत १९०१ नंतर असा प्रयोग करून पाहिला गेला आणि तो फसला असा निष्कर्ष काढला गेला. रॉस यांना तो मान्य नव्हता. आणि रॉस यांना गणिताचा मनापासून नाद होता. त्यांनी प्रश्नच गणिताच्या भाषेत मांडला : एक डास डबक्यातून निघाला. तो थोडा उडतो, बसतो. पुन्हा कुठल्यातरी भलत्याच दिशेने थोडा उडतो, बसतो. असे आयुष्यभर केल्यावर तो मूळ डबक्यापासून किती दूर गेलेला असेल?

१९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील परिषदेत त्यांनी हा विषय मांडला. एका सरळ रेषेवर पुढेमागे उडणाऱ्या डासाचे उत्तर त्यांनी स्वतः काढले, पण मोकळ्या मैदानातल्या डासाचे उत्तर निघेना. तेव्हा त्यांनी लंडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांना विचारले. पिअर्सन यांनी जुलै १९०५ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात वाचकांसमोर कोडे टाकले : एक माणूस ठराविक अंतर चालतो, मग मनाला येईल त्या दिशेला वळतो, पुन्हा तेवढेच अंतर चालतो... तो कुठे सापडेल? या चालीला त्यांनी जे इंग्रजी नाव दिले ते आजही रूढ आहे. मराठीत आपण तिला 'स्वैर चाल' म्हणू.

उत्तर लगेच आले. लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञांनी कळवले की, अनेक ध्वनिकंपने एकत्र आली तर आवाज किती मोठा होईल हे शोधताना १८८० सालीच आपण हे गणित सोडवले आहे. पिअर्सन यांनी मग हसत हसत निष्कर्ष लिहिला, तो असा : उघड्या माळावर झिंगलेला माणूस शोधायचा असेल तर तो जिथून निघाला त्याच्या आसपासच शोधा, तिथेच तो सापडण्याचा संभव सर्वांत जास्त.

आठवीच्या बीजगणितात बसणारे उत्तर

उत्तर काय होते ते आता स्वतःच काढू. त्यासाठी आपल्या घरातल्या शहाबादी फरश्या पुरे.

एका फरशीवर उभे राहा. नाणे उडवा. छापा आला तर एक फरशी पुढे, काटा आला तर एक फरशी मागे. असे शंभर वेळा केले तर तुम्ही सुरुवातीपासून किती फरश्या दूर असाल?

पहिल्यांदा वाटते, शून्य. कारण छापा-काटा सारखेच. सरासरी काढली तर ती खरोखरच शून्य येते, कारण पुढे गेलेले आणि मागे गेलेले एकमेकांना कापतात. म्हणून हुशारी अशी करायची की अंतराचा वर्ग घ्यायचा. वर्ग केला की वजा चिन्ह जाते.

समजा आता तुम्ही 'क्ष' फरश्यांवर आहात. पुढच्या नाण्यानंतर तुम्ही (क्ष + १) वर असाल किंवा (क्ष – १) वर. दोन्हींचा वर्ग मांडा :

(क्ष + १) चा वर्ग = क्ष चा वर्ग + २क्ष + १
(क्ष – १) चा वर्ग = क्ष चा वर्ग – २क्ष + १

दोन्हींची सरासरी काढली तर +२क्ष आणि –२क्ष कटतात. उरते : क्ष चा वर्ग + १.

म्हणजे प्रत्येक नाणेफेकीमागे अंतराच्या वर्गाची सरासरी बरोबर १ ने वाढते. शंभर फेकींनंतर ती १००. मग अंतर साधारण किती? १०० चे वर्गमूळ, म्हणजे १० फरश्या. दहा हजार फेकींनंतर? १०० फरश्या. शंभरपट मेहनत आणि अंतर फक्त दसपट!

हाच तो नियम. सरळ चालणाऱ्याचे अंतर वेळेच्या पटीत वाढते. स्वैर चालणाऱ्याचे अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. या लेखात एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी चालेल.

आता डासाकडे वळू. समजा तो आयुष्यात ४०० वेळा उडतो आणि दर वेळी २० मीटर जातो. एका रेषेत उडाला तर ८ किलोमीटर जाईल. पण तो स्वैर उडतो. ४०० चे वर्गमूळ २०. २० गुणिले २० म्हणजे ४०० मीटर! आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षात डेंग्यूचा डासही सहसा जन्मल्या जागेपासून काही शे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे रॉस यांचे म्हणणे खरे होते. आपल्या घराला चावणारा डास दूर अंबरपेठेतून आलेला नसतो. तो आपल्याच गच्चीवरच्या टाकीत, कूलरमध्ये किंवा शेजारच्या कुंडीखालच्या बशीत जन्मलेला असतो. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे छोटे तळे. नावातच तळे असलेल्या वस्तीने हे गणित विसरू नये.

दगडासारख्या पोलादात चालणारे अणू

१९०५ हेच साल आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म कण सतत थरथरत इकडेतिकडे सरकतात, हे रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली पाहिले होते. ते का सरकतात ते १९०५ साली आइन्स्टाइन यांनी सांगितले : पाण्याचे रेणू त्या कणाला चारी बाजूंनी टपला मारत असतात. कण स्वैर चालतो आणि त्याचे अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. पुढे झाँ पेरँ यांनी प्रयोगशाळेत ते मोजून दाखवले आणि अणू खरोखरच असतात याबद्दलची शंका मिटली. त्यांना १९२६ साली नोबेल मिळाले.

पाण्यातले ठीक आहे. पण घन पदार्थात? लोखंडाच्या तुकड्यात काय हलणार?

तर तेही हलते. लंडनच्या टांकसाळीतील रसायनज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी शिशाच्या कांडीच्या तळाशी सोने ठेवून ती तापवली, पण वितळू दिली नाही. काही दिवसांनी कांडीचे तुकडे करून तपासले तर सोने घन शिशातून वर चढलेले होते! १८९६ साली त्यांनी हे मोजून प्रसिद्ध केले. तुम्ही पंधरा सोंगट्यांचे आणि एका रिकाम्या घराचे कोडे खेळला असाल. धातूतही अधूनमधून अणूंच्या जागा रिकाम्या असतात. शेजारचा अणू त्या जागेत उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, आणि असे चालू राहते. तापमान जितके जास्त, तितक्या उड्या जास्त.

हे ज्ञान पुस्तकात यायच्या कितीतरी आधी आपल्या तेलंगणाच्या लोहारांच्या हातात होते. निजामाबाद जिल्ह्यातले कोनसमुद्रम हे गाव 'वुट्झ' पोलादासाठी प्रसिद्ध होते. ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी इथवर येत. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता जुन्या भट्टीत मिळवणे कठीण. कारागीर लोखंडाचे तुकडे लाकडाच्या व पानांच्या कर्बाबरोबर मातीच्या मुशीत बंद करून तासन् तास तापवत. कर्बाचे अणू स्वैर चालीने लोखंडात शिरत. कर्ब शिरला की लोखंडाचा वितळणबिंदू खाली येतो आणि मूस आतून वितळते. मग ती सावकाश थंड करायची. या पोलादात कर्ब साधारण दीड टक्क्याच्या आसपास असे. प्रसिद्ध दमास्कस तलवारींच्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसते, ती या पोलादाची. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातील अशा एका तलवारीत कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या दिसल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा या जुन्या पोलादाकडे पुन्हा जगाचे लक्ष गेले.

आजही गिअरचे दात कठीण करण्यासाठी कारखान्यात हेच करतात. सुमारे ९२५ अंशांना कर्बयुक्त वायूत गिअर ठेवला की कर्ब आत शिरतो. ढोबळमानाने एका तासात अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा पुढे. दुप्पट खोली हवी तर दोन तास नव्हे, चार तास. चौपट हवी तर सोळा तास. बिल वर्गाने वाढते, खोली वर्गमुळाने!

कांचनबागेतील पाती आणि फोनची बॅटरी

आता अगदी अलीकडचे. आपल्या हैदराबादेत कांचनबागेत संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा आहे. जेट इंजिनातील टर्बाइनचे पाते लालभडक तापलेले असते आणि त्याच वेळी प्रचंड वेगाने फिरत असते. फिरण्याच्या ओढीमुळे त्यातील अणूंची चाल पूर्णपणे स्वैर राहत नाही. ओढीच्या दिशेला ती किंचित झुकते. कललेल्या फरशीवर चालण्यासारखे ते आहे. परिणाम असा की न वितळता, न तुटता पाते हळूहळू लांबत जाते, आणि एक दिवस इंजिनाच्या आवरणाला घासते. विमानातील माणसांचा जीव या काही केसांएवढ्या लांबीवर अवलंबून असतो.

साधा धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा लाडू. दोन स्फटिकांमधल्या फटीतून अणू फार लवकर चालतात, जशी गर्दीतून माणसे गल्लीबोळाने पटकन निसटतात. मग उपाय काय? गल्लीबोळच ठेवायचे नाहीत. सगळे पाते एकाच स्फटिकाचे ओतायचे! हे तंत्र जगात मोजक्याच देशांकडे आहे. एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले की या प्रयोगशाळेने निकेलच्या मिश्रधातूची अशी पाती तयार केली असून त्यांपैकी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एअरोनॉटिक्सला दिली आहेत. कोनसमुद्रमच्या मुशीत अणूंना आत चालायला लावायचे होते. कांचनबागेच्या मुशीत त्यांना चालण्यापासून रोखायचे आहे. गणित मात्र एकच.

तिसरे उदाहरण तुमच्या खिशात आहे. फोनची बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन घन कणांच्या आत चालत जातात. कण निम्म्या आकाराचा केला तर आयनाला निम्मे अंतर चालावे लागते, आणि स्वैर चालीच्या नियमाने वेळ एक-चतुर्थांश लागतो. म्हणून जगभर बॅटरीची भुकटी अधिकाधिक बारीक करण्यावर संशोधन चालते. आपल्या बालापूरची भुकटी-धातुशास्त्र संशोधन संस्थाही लिथियम आयर्न फॉस्फेट या बॅटरीच्या पदार्थावर काम करत आली आहे.

बाजारातली स्वैर चाल

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो.

आइन्स्टाइन यांच्याही पाच वर्षे आधी, १९०० साली, पॅरिसमध्ये लुई बाशेलिए नावाच्या विद्यार्थ्याने सट्टेबाजीचे गणित या विषयावर प्रबंध लिहिला. त्यांचा विचार साधा होता. भाव उद्या वाढणार हे सगळ्यांना आजच ठाऊक असते, तर तो आजच वाढला असता. म्हणून उद्याचा बदल हा नाणेफेकीसारखा धरावा. म्हणजे भाव स्वैर चालतो आणि त्याची चढउताराची कक्षा काळाच्या वर्गमुळाने वाढते. एखाद्या शेअरचा भाव रोज साधारण १ टक्क्याने हलत असेल तर १६ दिवसांत तो ४ टक्क्यांच्या आसपास हलेल; १६ टक्के नव्हे.

हे काम कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिले. १९७३ साली फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी, आणि त्याच सुमारास रॉबर्ट मर्टन यांनी, त्यावरून ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्र दिले. ऑप्शन म्हणजे काय? आपण प्लॉट घेताना इसार (बयाणा) देतो, तसे काहीसे. ठराविक मुदतीत ठराविक भावाने वस्तू घेण्याचा हक्क आपण थोडे पैसे देऊन विकत घेतो. फरक एवढाच की हे पैसे पुढे किमतीतून वळते होत नाहीत, आणि मुदत संपली की हक्कही संपतो. या हक्काची रास्त किंमत काढणारे त्यांचे समीकरण थोडे फिरवले तर तापलेल्या सळईतून उष्णता कशी पसरते हे सांगणारे फूरिए यांचे १८२२ सालचे समीकरण हाती येते! शोल्स व मर्टन यांना १९९७ साली नोबेल मिळाले. ब्लॅक १९९५ सालीच वारले होते. आपल्याकडे राष्ट्रीय शेअरबाजारात निर्देशांकाचे ऑप्शन जून २००१ पासून सुरू झाले.

या शाखेचा पाया म्हणजे स्वैर चालीचे कलनशास्त्र. त्यात मराठी नावही मानाने घेतले जाते : प्रा. राजीव करंदीकर. भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि पुढे चेन्नईच्या गणित संस्थेत त्यांनी काम केले. २०२२ साली ते राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे अध्यक्ष झाले. महाराष्ट्राबाहेर राहूनही काय करता येते याचे हे उदाहरण आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

म्हणजे मुलगा खोटे बोलत नव्हता. गणित आहे. आता ते काय सांगते ते पाहा.

समजा तुम्ही दर नाणेफेकीला एक रुपया लावता. खेळ अगदी प्रामाणिक आहे, पण प्रत्येक फेकीला मध्यस्थ ५ पैसे घेतो. दलाली म्हणा, कर म्हणा. शंभर फेकींत नशीब तुम्हाला साधारण १० रुपये वर किंवा खाली नेईल, आणि मध्यस्थाचे ५ रुपये होतील. अजून नशिबाचे पारडे जड आहे. काही जण जिंकून येतील आणि मित्रांना सांगतील. आता दहा हजार फेकी करा. नशीब १०० रुपये वर किंवा खाली नेईल. मध्यस्थाचे? ५०० रुपये! आता जिंकून येणारा जवळजवळ कोणीच उरत नाही.

कारण नशीब वर्गमुळाने वाढते आणि खर्च सरळ पटीने वाढतो. जितक्या जास्त वेळा खेळाल, तितकी हार पक्की. त्यासाठी बाजार वाईट असण्याची गरज नाही, तुम्ही मूर्ख असण्याचीही नाही.

हे कागदावरचे झाले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष आकडे प्रसिद्ध केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शनमध्ये व्यवहार करणारे वैयक्तिक गुंतवणूकदार एक कोटीहून अधिक होते. त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सरासरी सुमारे दोन लाख रुपये. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त. हे पैसे कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाचे, कुणाच्या घराच्या हप्त्याचे असतात.

नियमाची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. खर्च सरळ पटीने वाढतो तशी संथ, खरी वाढही सरळ पटीने होते. चांगल्या ठिकाणी ठेवलेले पैसे वर्षानुवर्षे न हलवणाऱ्याला हाच नियम साथ देतो. त्याचे नशिबाचे हेलकावे वर्गमुळाने वाढतात आणि वाढ त्यांना हळूहळू मागे टाकते. आपल्या आजी-आजोबांनी हे समीकरण न मांडताच ओळखले होते.

नाणे जिथे फसवते

पण मित्रांनो, विज्ञानात नियम शिकण्याइतकेच तो कुठे लागू पडत नाही हे शिकणे महत्त्वाचे.

आपल्या शहराला ७ जानेवारी २००९ हा दिवस विसरता येणार नाही. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेबात वर्षानुवर्षे खोटे आकडे दाखवल्याची कबुली दिली आणि एका दिवसात शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली बंद झाला. नाणेफेकीच्या गणिताने असा दिवस विश्वाच्या सगळ्या आयुष्यातही यायला नको. पण तो आला, कारण इथे नाणेच खोटे होते. खरे बाजारभाव कधी कधी अशा प्रचंड उड्या मारतात, हे बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९६३ साली कापसाच्या जुन्या भावांचा अभ्यास करून दाखवले होते. तिकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली. खुद्द मर्टन आणि शोल्स ज्या गुंतवणूक संस्थेत भागीदार होते, तिला १९९८ साली काही महिन्यांत सुमारे साडेचार अब्ज डॉलरचा तोटा झाला.

आजचे संशोधन नेमके याच ठिकाणी चालले आहे. २०१४ साली गॅदरल, जेसाँ आणि रोझेनबाऊम यांनी बाजाराची चंचलता स्वतः कशी बदलते ते मोजले. साध्या स्वैर चालीत घातांक अर्धा असतो. वर्गमूळ म्हणजेच अर्धा घातांक. त्यांना तो ०.१ च्या आसपास मिळाला. अर्थ असा की चंचलतेचा आलेख आपण समजत होतो त्याहून फार खडबडीत, काट्याकुट्यांचा आहे. हा घातांक ज्यांच्या नावाने ओळखतात ते हॅरॉल्ड हर्स्ट हे नाईल नदीच्या पुरांचा अभ्यास करणारे जलशास्त्रज्ञ! आणि अशीच अर्ध्याहून कमी घातांकाची अडखळती चाल भौतिकशास्त्रज्ञांना जिवंत पेशीच्या दाटीत फिरणाऱ्या रेणूंमध्येही आढळली आहे. म्हणजे डासापासून निघालेली वाट नदीवरून, बाजारातून फिरून पुन्हा जीवशास्त्रात पोचली.

म्हणून विश्वस्तांना आणि पालकांना एक विनंती. मुलाने भौतिकशास्त्र घ्यावे की वाणिज्य, यावर घरात वाद होतात. पण मुळातले गणित पक्के असेल तर विषयांच्या भिंती फार उंच राहत नाहीत. ते कच्चे राहिले तर मोबाईलवरचा प्रत्येक हिरवा-लाल आलेख मुलाला ज्ञान वाटू लागतो.

करून पाहा

इयत्ता सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी. प्रत्येकाने घरी १०० वेळा नाणे उडवून फरश्यांवर चालावे आणि शेवटी किती फरश्या पुढे किंवा मागे आहोत ते लिहून आणावे. जे येईल तेच लिहावे, 'चांगले' दिसावे म्हणून बदलू नये. सर्वांच्या आकड्यांचे वर्ग करून सरासरी काढू. ती शंभराच्या आसपास येते का, ते फळ्यावर पाहू. आणि त्याच दिवशी घरातील कूलर, कुंड्यांच्या बशा व गच्चीवरील टाकी तपासून साचलेले पाणी ओतून टाकावे. सर रोनाल्ड रॉस यांच्या पाटीवरून रोज जाणाऱ्यांनी एवढे तरी करायलाच हवे.

त्या पालकांना मी हा अंक पाठवतो आहे. त्यांच्या मुलाने तो वाचावा, आणि जमल्यास एखाद्या शनिवारी शाळेत यावे. नाणे मी देईन. दर फेकीला मध्यस्थाचे पाच पैसे त्याने समोर डब्यात टाकायचे, आणि हिशेब त्यानेच ठेवायचा.